धानाच्या काट्यावर

चामोर्शी,
१८ ऑगस्ट २०२५

भाऊ,

साष्टांग नमस्कार लिहायचा रिवाज आहे. पण तुला ठाऊक आहे, बारा वर्षं माझी कंबर खुर्चीतून उठतानाही कुणाचा तरी हात मागायची. आता ती वाकते. तेव्हा हा नमस्कार खरोखर जमिनीला कपाळ टेकवून केलेला आहे असं समज आणि पुढचं वाच.

तू फोन उचलत नाहीस. अतुल उचलतो, ‘बाबा धानाच्या बांधीत गेले’ म्हणतो आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. पोराला खोटं बोलायला लावू नकोस, त्याला ते जमत नाही. म्हणून हा कागद. फोन ठेवून देता येतो, कागद हातात येतोच. अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे, फळ्यावर काढायचो तसं. तू चौथीनंतर नांगर धरलास म्हणून मी मास्तर झालो, हे मी विसरलेलो नाही. बोट ठेवून सावकाश वाच.

का बोलत नाहीस तेही मला माहीत आहे. गेल्या कार्तिकात अंजनावहिनीला पोचवून आपण नदीवरून घरी आलो. अतुलच्या सासरच्यांनी कडू घास आणला होता, वरण-भात. पत्रावळीभोवती सगळे बसले. मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, सोयऱ्यांचा तो घास सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो. तू घेतलास, अतुलनं घेतला. मी हातात घेतला, ओठापर्यंत नेला आणि परत पत्रावळीवर ठेवला. तुझी नजर माझ्या हातावर होती. त्या दिवसापासून तू बोललाच नाहीस.

डॉक्टरांनी माझा भात पूर्ण बंद केला आहे. एक घाससुद्धा नाही, असं त्यांचं सांगणं होतं. माझा नाइलाज झाला. एवढंच सांगायचं होतं.

माझं चाललं आहे. सकाळी ऊन वर आल्यावर फिरायला निघतो. त्याआधी नाही, वाघ जवळपास आहे म्हणून वनखात्याची गाडी भोंग्यावर सांगून गेली. नाल्यावरच्या रपट्यापर्यंत जायचं आणि यायचं, चाळीस मिनिटं. मग चटईवर पडून एकेक पाय वर, कंबर वर, सगळं मोजून. ताटात दोन अंडी नाहीतर मासोळी, अंबाडी, मुनगा, वांगं, जवसाची चटणी, ताक. भात नाही, पोळी नाही. बटाटा, साखर, पोहे, मुरमुरे काहीच नाही. सूनबाई रीता बिचारी माझं वेगळं शिजवते. तिच्या मैत्रिणी म्हणतात, धानाच्या मुलखात राहून भात न खाणारा म्हातारा पहिल्यांदाच पाहिला. म्हणू देत. दुखणं निम्म्याच्याही खाली आलं आहे. गेलेलं नाही. ते आता शेजाऱ्यासारखं भिंतीपलीकडे राहतं, खोकतं, भांडी आपटतं. घरात येत नाही एवढंच.

तुमच्या गावचे वामनराव आठवडी बाजारात भेटतात. ते म्हणाले, तू हल्ली भिंत धरून उठतोस. मी काही सुचवत नाही. खाण्याचा कागद पाठवत नाही, भिऊ नकोस.

एकच मागणं आहे. कार्तिक वद्यात वहिनीचं वर्ष येतं. मला बोलाव. पंगतीत नको, बाहेर सपरीच्या कोपऱ्यात बसेन. तिनं मला आईसारखं वाढवलं. तिच्या वर्षाला मी नऊ किलोमीटरवर बसून राहिलो तर पुढं मला कुणाचा म्हणायचं? पण तू बोलावल्याशिवाय येणार नाही. तेवढं मलाही कळतं.

तुझा
श्रीहरी


चामोर्शी,
९ सप्टेंबर २०२५

भाऊ,

उत्तर नाही. पोस्टमन म्हणतो, पत्र तुझ्या हातातच दिलं. मग तू वाचलंस. तुझ्याकडे आलेला छापील कागददेखील तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस, खताच्या पोत्यावरचं सुद्धा वाचतोस.

मागच्या पत्रात एक दुरुस्ती आहे. तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाई फिरवली, आता आपल्याच वहीवर फिरवतो.

डॉक्टरांनी एका घासाची मनाई केली नव्हती. चंद्रपूरच्या त्या डॉक्टरबाई तर उलट म्हणतात, लग्नात, मयतीत एखादा घास पोटात गेला तर काही बुडत नाही, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आपला क्रम धरायचा. नियम असा आहे. तो घास मी माझ्या मनानं परत ठेवला.

भीती वाटली, भाऊ. तुला माझं दुखणं बाहेरून माहीत आहे. ते कंबरेतून निघायचं, मांडीच्या मागून पोटरीत उतरायचं आणि ओल्या दोराला पीळ घालावा तसं कुणीतरी पीळ घालत राहायचं. नोकरीची शेवटची दोन वर्षं मी वर्गात बाकावर आडवा पडून कविता शिकवल्या. पोरांना वाटे, मास्तर झोपून शिकवतात म्हणजे हा काही खेळ आहे. मी छताच्या कौलांकडे बघत ओळी सांगायचो, ती मागून म्हणायची. कौलांतून एक उन्हाचा कवडसा पडायचा, पोरांच्या आवाजाबरोबर तो हलतो असं मला वाटायचं. दुखणं मधल्या मधल्या ओळीला थोडं थांबायचं. निरोपाच्या दिवशी हार घालून मला खुर्चीत बसवलं आणि तिसऱ्या भाषणाला मी उठून निघून आलो. लोक म्हणाले, मास्तरला भरून आलं. भरून काही आलं नव्हतं, बसवत नव्हतं.

गोळ्यांनी पोटातून रक्त गेलं तेव्हा चंद्रपूरला नेलं. तिथं या बाई भेटल्या. त्यांनी खाणं बदललं, रोजचं चालणं लावलं. चौथ्या महिन्यात काठी न घेता मी रपट्यापर्यंत गेलो आणि पाण्याकडे बघत उभा राहिलो. पाय माझेच होते. त्या सुखानं माणूस शूर व्हायला हवा, मी भित्रा झालो. एखाद्याला देव पावावा आणि त्यानं सोवळं धरावं, तसं मी ते खाणं धरलं. भाताचं शीत दिसलं तरी पोटरीत पीळ पडल्यासारखं वाटे. त्या दिवशी पत्रावळीवरही तेच वाटलं.

आज फिरताना एका घरातून पेजेचा वास आला. आई गेली त्या वर्षी वहिनी आपल्या घरात आली. ती पंधराची, मी नऊचा. शाळेला जाताना मला पेज द्यायची, मीठ आणि कैरीची फोड घालून. मी पाटीवरची नावेची कविता मोठ्यानं पाठ करायचो आणि ती उखळात मुसळ घालत ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण अख्खी कविता आली. तिसरी ओळ मात्र दर वेळी विसरायची आणि तिथं स्वतःची घालायची. तिची ओळ पुस्तकातल्यापेक्षा बरी होती. मी तेव्हा तिला चूक म्हणालो होतो.

तिच्या पाठीचं दुखणं सुरू झालं, तेव्हा तिनंच मला विचारलं, मास्तर, तुमी काय खाता ते मलेही सांगा. मी सांगितलं. मागितलं ते दिलं, यापलीकडे मी काही केलं नाही. हे तुझ्या मनात असेल तर काढून टाक.

वर्षाला बोलाव.

श्रीहरी


चामोर्शी,
३ ऑक्टोबर २०२५

भाऊ,

काल दसरा झाला. तुला सोनं द्यायला कुणी गेलं असेल, मी नव्हतो.

आज बाजारात वामनराव भेटले. सुकी झिंगं घेत होते. मला बघून आधी झिंग्यांचा भाव सांगितला, मग इकडची तिकडची चौकशी केली, म्हणजे काही तरी जड आणलं होतं. शेवटी म्हणाले, तुमच्या भावानं निरोप दिला. जसाच्या तसा देतो, राग मानू नका. आणि त्यांनी तुझ्याच आवाजात सांगितलं, “मास्तरले सांग, तिनं कागद मांगतला नव्हता. त्यानं आणून चिकटवला.”

दहा महिन्यांनी तुझं पहिलं वाक्य आलं आणि ते खरं आहे.

तिनं मागितला नव्हता. गेल्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी मीच आलो. ती पाठीला शेक घेत होती. मी म्हणालो, वहिनी, शेकानं काय होतं, मुळावर घाव घातला पाहिजे. ती म्हणाली, वय झालं, धानाचे रोवणे करून करून पाठ गेली, दुखंल नाई तं का करंल. मी ऐकलं नाही. माझं दुखणं खाली आलेलं, मला सगळ्या जगाची पाठ दिसत होती. चित्रकलेच्या जाड कागदावर मी तिच्यासाठी चित्रं काढून नेली होती. अंडं, मासोळी, भाजीची जुडी, ताकाचा पेला. खाली भातानं भरलेला गंज आणि त्याच्यावर लाल फुली, अशी मोठी की दारातून दिसावी. कागद चुलीच्या वरच्या भिंतीला लावायचा होता. खळ नव्हती. तिनंच सकाळच्या भाताची चार शितं काढून दिली. त्या शितांनी चिकटवला.

मग काटा. तोही तुला आठवत असेलच. अतुलनं धान मोजायला घेतलेला, माजघरात असतो तो. मी म्हणालो, वजन पाहायचं. ती पदर खोचून त्याच्यावर उभी राहिली आणि हसायला लागली. म्हणाली, “मले इकता का गा, मास्तर? भाव तं सांगा.” तूही हसलास. चौपन्न किलो. मी खडूनं कवाडाच्या आतल्या बाजूला तारीख घालून लिहिलं. एप्रिलच्या शेवटी पन्नास. मेच्या वीस तारखेला सेहेचाळीस. मी टाळ्या वाजवल्या. आठ किलो, भाऊ. मला स्वतःला सहा महिन्यांत जमले नव्हते. शेजारच्या बाया येऊन कवाडावरचे आकडे बघून गेल्या, एकीनं तसाच कागद मागितला.

दुखणं कमी आहे ना, असं मी दर खेपेला विचारायचो. ती म्हणायची, हाय थोडं पाठीत, पण तुमच्या खडूपुढे का बोलू.

मी तेव्हा ते कौतुक समजलो. गालाची हाडं वर आली होती, तीही मला दुखणं सुटल्याची खूण वाटली. धानाच्या काट्यावर माणूस उतरत चाललं होतं आणि मी कवाडावर शाबासकी लिहीत होतो.

हे सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तू मला अडवलं नाहीस, असं मी म्हणणार नाही. भाऊ शिकलेला म्हणून तू गप्प राहिलास.

कवाडावरचे आकडे अजून असतील तर पुसून टाक. की नको. तुझं तू बघ.

श्रीहरी


चामोर्शी,
२४ ऑक्टोबर २०२५

भाऊ,

वामनराव काल खास दारात आले. चहा घेईपर्यंत थांबवेना, उभ्यानंच सांगितलं. लटारूभाऊ म्हणतात, वर्षाले ये म्हणा, जेवाले ये.

रीतासमोर मला रडू आलं. तिनं विचारलं, काऊन बाबा, दुखते का? मी हो म्हणालो.

तुला सांगतो, कालच मी सराव केला. रीताला म्हणालो, तुमच्यातला भात दे, एक घास. ती बघतच राहिली. वरण घालून खाल्ला, सावकाश चावून. मग चटईवर पडून वाट बघितली. पोटरीत काही झालं नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. आज सकाळी रोजच्यासारखा रपट्यापर्यंत जाऊन आलो. म्हणजे त्या दिवशी पत्रावळीवरही काही झालं नसतं.

मी चालत येईन. नऊ किलोमीटर जमतील, दोनदा बसावं लागेल. तू पुढ्यात वाढशील ते खाईन.

एक गोष्ट आहे. नको, आल्यावर बोलू.

श्रीहरी


चामोर्शी,
१ नोव्हेंबर २०२५

भाऊ,

आल्यावर बोलू असं लिहिलं होतं. आल्यावर मी बोलणार नाही, हे मला माहीत आहे. पंगत असेल, सोयरे असतील, तू वाढत असशील, मी मान खाली घालून खाईन आणि ते सुख घेऊन परत येईन. आठ दिवस मी रपट्यावर जातो आणि लवकर परत फिरत नाही. एका सुखासाठी मी एकदा गप्प बसलो आहे. दुसऱ्यांदा नको.

तू कडू घासाचा राग सोडलास. कागदाचाही सोडलास. तुझा राग ज्या गोष्टीचा असायला हवा, ती तुला माहीतच नाही.

कवाडावर सेहेचाळीस लिहिलं त्याच्या पुढच्या आठवड्यात मी चंद्रपूरला माझ्या तपासणीला गेलो होतो. बाईंनी कंबर पाहिली, चालवून पाहिलं, छान म्हणाल्या. मग मी अभिमानानं वहिनीचं सांगितलं. माझ्या वहिनीलाही हेच खाणं लावलं, दोन महिन्यांत आठ किलो उतरली. मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. वय विचारलं. पाठ निजल्यावर जास्त दुखते का? भूक कशी आहे? मला धड सांगता येईना. तिची भूक मी विचारली नव्हती, फक्त वजन विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तो कागद तुमच्या दुखण्याचा होता. त्यांचं दुखणं कुणी पाहिलंय का? मला हे वजन बरं वाटत नाही. याच आठवड्यात घेऊन या.”

मी हो म्हणालो.

बसमध्ये खिडकीशी बसलो. मूलच्या पुढं जंगल लागलं. उन्हाळा सरत आलेला, मोहाला नवी तांबडी पानं फुटलेली. मी ती बघत आलो आणि उतरेपर्यंत ठरवून टाकलं की डॉक्टरांना काळजी करायची सवयच असते. आधी म्हणालो, पाऊस लागू दे. मग म्हणालो, धानाचे परे टाकून होऊ देत. मग रोवणा आला, घरात माणूस रिकामं नाही, रोवणा होऊ दे. ही कारणं मी तुम्हालाही सांगितली नाहीत. स्वतःलाच सांगत राहिलो.

खरं कारण लिहितो. निवृत्तीनंतर माझ्या वर्गात एकच विद्यार्थी उरला होता आणि तो पहिला येत होता. ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं, तपासायला द्यायचं नव्हतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती काट्यावर उभी राहू शकली नाही, अतुलचा खांदा धरला. तेव्हा मी अतुलला म्हणालो, चंद्रपूरला दाखवून आणू. जणू ते मला त्याच क्षणी सुचलं. चंद्रपूरहून नागपूर. पोटातली गाठ, पाठीमागून वाढलेली. दुखणं तिथलं होतं, रोवण्याचं नव्हतं.

नागपूरचा डॉक्टर म्हणाला, दोन महिने आधी आणलं असतं तर कदाचित. आणि त्याच दमात म्हणाला, कदाचित तरीही नाही. तू खाली बघत होतास. म्हणालास, आमाले का माहीत होतं साहेब. मी तुझ्या शेजारी उभा होतो, भाऊ. त्या ‘आमाले’मध्ये तू मलाही धरलंस. मी ते तसंच राहू दिलं.

दहा आठवडे होतात. मी मोजले आहेत.

आणखी एक आहे. रोवण्याच्या दिवसांत एका दुपारी तिनं माझ्याकडे भात मागितला होता. एक घास. मी नाही म्हणालो.

आता सगळं झालं. हे वाचून ठरव मला बोलवायचं की नाही. अतुलला दाखवायचं की नाही तेही तूच ठरव.

श्रीहरी


६ नोव्हेंबर

श्रीहरी,

चिठ्ठी भेटली. वाचाले दोन रोज लागले. अतुलले दाखवली नाई.

वर्षाले येऊ नको. तू आला तं चार लोकांपुढे माझ्या हातून का होईल मले माहीत नाई.

तिनं तुले भात मांगतला मनतेस. मले तं रोज मने भूक नाई. मी ताट वाढून देवो, ते सरकवून दे. एक रोज मी ताट आंगनात फेकून देल्लं. मनलं माझ्या बांधीतला भात कडू लागते का तुले. तीन रोज बोललो नाई तिच्यासंग.

तुले का मनली ते लिही. जसं मनली तसंच. कविता करू नको.

लटारू


चामोर्शी,
८ नोव्हेंबर २०२५

भाऊ,

जसं झालं तसं लिहितो.

गेल्या वर्षी जुलैची एकवीस तारीख, रविवार. मी दुपारच्या बसनं आलो. तू आणि अतुल बांधीत होता. रोवण्याच्या बाया जेवायला यायच्या होत्या, त्यांच्यासाठी भात शिजवून गंज चुलीवरून उतरवून ठेवला होता. वासाचा चिन्नोर होता. वहिनी चुलीजवळ पाटावर बसली होती. डावा हात पाठीला.

तिनं मला पाणी दिलं. बस भरून होती का विचारलं. मी हो म्हणालो.

मग म्हणाली, “मास्तर, आज एक घास खाऊ का?”

मी म्हणालो, कागदावर काय आहे?

तिनं भिंतीकडे पाहिलं. म्हणाली, “फुली हाय.”

मी म्हणालो, मग?

ती म्हणाली, “मंग नाई.”

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग ती म्हणाली, “ह्यायले सांगू नका मी मांगतलं मून. मी त्यायले भूक नाई मनतो. भूक हाय मनलं तं ते खाऊ घालतीन, न् तुमचा कागद मोडंल. आंगनात ताट फेकलं त्यायनं. फेकू द्या. बरी झाली का त्यायच्या हातचं ताटभर खाईन.”

हे तिचेच शब्द आहेत. मी एकही बदललेला नाही. शपथेवर सांगतो.

मी म्हणालो, शाबास. अजून दोन महिने कळ काढा.

मग तिनं विचारलं, “वासाले तं फुली नाई ना?”

मी हसलो. नाही म्हणालो.

तिनं गंजावरचं झाकण काढलं. सर्दी झाल्यावर वाफ घेतात तसा डोक्यावरून पदर घेतला आणि गंजावर वाकली. किती वेळ ते सांगता येत नाही. त्या दिवसांत मी सगळं मोजायचो, तेवढं मोजलं नाही. बाहेर बायांचा आवाज आला तेव्हा ती उठली, झाकण ठेवलं, तोंड पदरानं पुसलं. त्यांना तिनंच वाढलं.

बाया जेवून गेल्यावर मी काटा पुढं ओढला. ती उभी राहिली. त्रेचाळीस. मी कवाडावर लिहिलं. तिला आकडा वाचता येत नव्हता. काट्यावरूनच तिनं मला विचारलं, “पास का, मास्तर?”

मी म्हणालो, “पहिला नंबर.”

श्रीहरी